बॉल उडव रे, उडव!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई कपची आपली वाट बंद झाली. चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून झकास गोल मारला होता. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने बरोबरी केली, मध्यंतरानंतर थोड्याच वेळात दुसरा गोल चढवला, आणि उरलेल्या अर्ध्या तासात दीडशे कोटींच्या देशाला बरोबरीचा एक गोल सापडला नाही. समोर कोण होतं? साठ लाख वस्तीचं एक शहर!

मंडळी, हरण्याचं दुःख गोंयकाराला नवीन नाही. आपण ब्राझील हरलं तरी जेवत नाही, पोर्तुगाल हरलं तरी जेवत नाही. चांगलं खेळून हरलेल्या संघाला उभं राहून टाळ्या देणारी माणसं आपण. चीड येते ती घाबरून हरण्याची. आणि गेली कित्येक वर्षं आपला राष्ट्रीय संघ नेमका असाच हरतो आहे. आधी "गोल खायचा नाही" एवढंच ठरवून मैदानात उतरायचं, मग गोल खायचा, आणि मग गोल करायचा कसा हे कुणालाच ठाऊक नसल्याने एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

हे मी सध्या हैदराबादेत बसून लिहितो आहे. मुक्काम विद्यानगरला, लेकीकडे. उस्मानिया विद्यापीठाला खेटून असलेली ही वस्ती. सिकंदराबादहून लोकलने आलं की जामिया उस्मानिया लागतं, मग विद्यानगर आणि त्यापुढे काचीगुडा. काचीगुड्याच्या बाजूला मराठी घरं निजामाच्या काळापासूनची. १९५६ पर्यंत आपला मराठवाडा याच हैदराबाद राज्यात होता. आणि याच काचीगुड्यातल्या शाळेत एकेकाळी सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक मास्तर मुलांना शिकवत. भारताला फुटबॉलात आजवर जे काही मोठं मिळालं, त्यातलं बहुतेक या शाळामास्तरांनी मिळवून दिलं. इथल्या कॉलेजच्या पोरांना ते माहीत आहेत ते २०२४ च्या 'मैदान' सिनेमामुळे, म्हणजे अजय देवगणच्या चेहऱ्याने. चला, तेवढं तरी आहे. रहीमसाहेबांकडे पुन्हा येऊच. आधी रोग कुठला ते पाहू.

नाटकात सूत्रधार असतो. भजनात मुख्य गायक असतो, बाकीचे त्याचा शब्द झेलतात. फुटबॉलच्या संघातही असा एक माणूस लागतो. जुनी माणसं त्याला 'दहा नंबर' म्हणतात. तो सगळ्यात वेगाने धावतो असं नाही, सगळ्यात धिप्पाड असतो असंही नाही. पण बॉल त्याच्याकडे आला की दोन क्षण सगळं मैदान थांबल्यासारखं वाटतं, कारण पुढे काय होणार ते फक्त त्यालाच दिसत असतं. अमेरिकेच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलात हे काम क्वार्टरबॅकचं. आपल्याकडे ते मधल्या फळीतल्या दहा नंबरचं. आता एखाद्या भजनी मंडळाने मुख्य गायकाच्या हातात झांज दिली आणि "तू गाऊ नकोस, सूर चुकला तर? नुसता ठेका धर" असं सांगितलं, तर त्या भजनाला कोण बसेल? आपले कोच सूत्रधाराचं नेमकं हेच करत आले आहेत.

आपल्या मडगावचा ब्रँडन फर्नांडिस घ्या. २०१९ मध्ये तो भारताकडून खेळू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात गुवाहाटीला विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात ओमानविरुद्ध त्याने फ्री किक जमिनीलगत सरकवून दिली आणि छेत्रीने गोल केला. मातब्बर ओमानविरुद्ध भारत पुढे! आणि मग काय झालं? दुसऱ्या अर्धात आपला संघ पावलापावलाने मागे सरकत गेला. ब्याऐंशीव्या मिनिटापर्यंत १-० होतं. त्यानंतर आठ-दहा मिनिटांत ओमानने दोन गोल मारले आणि सामना घेऊन गेले. पुढच्या महिन्यात कोलकात्याला बांगलादेशाविरुद्ध आपण घरच्या मैदानावर मागे पडलो होतो. शेवटी अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ब्रँडनच्याच कॉर्नरवर आदिल खानने डोक्याने गोल केला म्हणून १-१ झालं. आदिलही आपलाच, गोव्याचा.

दोन सामने, दोन गोल, दोन्ही गोंयकाराच्या पायातून निघालेले, आणि दोन्ही थांबलेल्या बॉलवर. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या पायात हे आहे, त्याला चालता बॉल का मिळू नये? कॉर्नर आणि फ्री किक मारायला बोलवायचं आणि बाकी वेळ बॉल त्याच्या डोक्यावरून उडवायचा, हा कुठला न्याय! मधल्या फळीत सूत्रधार ठेवून मधली फळीच ओलांडणारा खेळ खेळायचा, म्हणजे पेटी उघडून ठेवायची आणि वाजवायची नाही.

हा एका माणसाचा प्रश्न असता तर विसरून गेलो असतो. पण आकडे बघा. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई कप झाला. स्टिमाक कोच होते. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, गोल शून्य. मार्चमध्ये अफगाणिस्तानशी ०-०, मग गुवाहाटीला त्यांच्याकडूनच १-२. जूनमध्ये कुवेतशी ०-०, तो छेत्रीचा निरोपाचा सामना. त्याच महिन्यात स्टिमाकना नारळ मिळाला.

त्यांच्या जागी आले मानोलो मार्केस. आता हे नाव आपल्याला परकं नाही. हैदराबादला तर नाहीच नाही. २०२१-२२ च्या आयएसएलमध्ये हैदराबाद एफसीला विजेतेपद मिळवून दिलं ते याच माणसाने. ओग्बेचेने त्या मोसमात अठरा गोल मारले. अंतिम सामना फातोर्ड्यालाच झाला, २० मार्च २०२२ ला. केरळ ब्लास्टर्स १-० ने पुढे होते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरीचा गोल कुणी मारला? आपल्या साहिल तावोराने. पेनल्टीत तीन फटके कुणी अडवले? आपल्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने. त्याच्या आधीच्या मोसमात दवर्लीचा लिस्टन कुलासो याच मानोलोंच्या हाताखाली हैदराबादेत फुलला. पुढे मानोलो एफसी गोव्याला आले आणि २०२४-२५ मध्ये आपला संघ त्यांनी साखळीत दुसऱ्या क्रमांकावर आणला. म्हणजे पुढे जाऊन खेळणारा, पोरांवर विश्वास टाकणारा कोच. असा माणूस भारताला मिळाला याचा गोव्यात किती आनंद झाला होता!

आणि भारताबरोबर काय झालं? पहिलाच सामना हैदराबादेत, गच्चीबावलीच्या मैदानावर, सप्टेंबर २०२४ मध्ये मॉरिशसशी. ०-०. मॉरिशस, मंडळी, मॉरिशस! मग सीरियाकडून ०-३. व्हिएतनामशी १-१, मलेशियाशी १-१. शिलाँगला मालदीवला ३-० ने हरवलं तेव्हा वाटलं, आला बुवा सूर. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशाशी ०-०. जून २०२५ मध्ये थायलंडकडून ०-२, मग हाँगकाँगकडून शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१. आठ सामने, एक विजय. एकूण गोल पाच, त्यातले तीन मालदीवला. म्हणजे उरलेल्या सात सामन्यांत दोन गोल!

माणूस तोच, डोकं तेच, मग झालं काय?

याचं एक उत्तर सगळ्यांना माहीत आहे पण मोठ्याने कुणी म्हणत नाही. क्लबमध्ये मानोलोंकडे ओग्बेचे होता. गोल मारणारा परदेशी, बॉल रचून देणारा परदेशी. आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालत, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. हे चार कुठे खेळतात ते कधी मोजून बघा. एक मागे बचावात, आणि बाकीचे बहुतेक मधोमध आणि पुढे. म्हणजे सूत्रधार परदेशी आणि नायकही परदेशी. आपल्या पोरांना काय उरतं? कडेने धावा, आडवा बॉल द्या, आणि मागे या. एफसी गोव्याचं सोनेरी पान आठवा: कोरोमिनास, एदू बेदिया, बूमूस. डोळ्यांचं पारणं फिटलं, यात वाद नाही. पण त्या तिघांच्या जागेवर घडणारी तीन भारतीय पोरं त्या वेळी बाकावर किंवा कडेला होती. मग भारताची जर्सी घातल्यावर अचानक त्यांनी मध्ये येऊन खेळ रचावा ही अपेक्षा कशी करायची? छेत्री निवृत्त झाला आणि नऊ महिन्यांत चाळिशीच्या छेत्रीलाच परत बोलवावं लागलं. याहून मोठी कबुली कोणती हवी?

पण हे अर्धंच उत्तर झालं. दुसरं अर्धं कोचच्या मनात आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे पाठीराखे आपल्या कोचवर वर्षानुवर्षं हीच बोंब मारत आले आहेत: चांगला क्वार्टरबॅक हाताशी असताना आमचा कोच घाबरट खेळतो. त्यांच्या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. तीन फुकट गेल्या की चौथ्या वेळी कोच बहुधा बॉल लांब उडवून शत्रूला देऊन टाकतो, "जोखीम नको" म्हणून. बर्कले विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी तिथल्या व्यावसायिक साखळीच्या तीन मोसमांतले सामने घेऊन हिशेब मांडला आणि २००६ साली तो छापला. निष्कर्ष काय? त्या चौथ्या वेळी बॉल हातात ठेवून खेळणं हे कोच समजतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा फायद्याचं असतं. म्हणजे ज्याला आपण सावधपणा म्हणतो तो बऱ्याचदा नुसता तोट्याचा धंदा असतो. गेल्या काही वर्षांत तिथले कोच तो हिशेब मानू लागले आहेत आणि चौथ्या वेळी बॉल ठेवून खेळणं तिथे चांगलंच वाढलं आहे.

मग शहाणीसुरती माणसं इतकी वर्षं तोट्याचा धंदा का करत होती? मला वाटतं, कारण तोटा संघाचा आणि फायदा कोचचा असतो. धाडस करून हरला तर "कोचने सामना घालवला". सगळे करतात तसं करून हरला तर "पोरांत दम नाही". दोन्हीकडे हार सारखीच, पण दुसऱ्या हारेत कोचची नोकरी वाचते. हे एकदा ध्यानात आलं की आपल्याकडचे ते ०-० चे सामने वेगळे दिसायला लागतात. गुण कुणाला मिळाला? संघाला एक, कोचला तीन!

इथे कुणीतरी म्हणणारच, "अहो, पण माल कुठे आहे? ज्या पोरांना तीन पास धड देता येत नाहीत त्यांना घेऊन कोच काय करणार? तो बिचारा मागेच बसवणार." हे उत्तर मी गोव्याच्या टॅव्हर्नपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे ऐकलं आहे. आणि याच उत्तरासाठी मला काचीगुड्याचे मास्तर आठवतात.

रहीमसाहेबांकडे कुठला माल होता? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांचा संघ गेला तेव्हा बरेच खेळाडू अनवाणी खेळत. युगोस्लाव्हियाने दहा गोल घातले, १-१०. आजचा कोच असता तर परत येऊन काय केलं असतं? दहाच्या दहा पोरांना गोलसमोर उभं केलं असतं, आणि पुढच्या खेपेला ०-५ झाल्यावर "सुधारणा आहे" म्हणून पत्रकार परिषद घेतली असती. मास्तरांनी काय केलं? त्याच ऑलिंपिकमध्ये हंगेरी कशी खेळली ते त्यांनी नीट पाहिलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड पुढे उभा न राहता मागे मधल्या फळीत येतो, तिथून खेळ रचतो, आणि बचाव करणाऱ्यांना कुणाला धरावं तेच कळत नाही. ही गोष्ट त्यांनी घरी आणली आणि आपल्या पोरांना शिकवली. ज्याच्या मार खाऊन आलो त्याच्यासारखं शिकायचं, भिंत बांधायची नाही, हा त्या मास्तरांचा बाणा.

चार वर्षांनी मेलबर्न. १ डिसेंबर १९५६. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत ४-२. त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईत. ऑलिंपिकच्या फुटबॉलात हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई! भारत उपांत्य फेरीत गेला. समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, आणि त्या सामन्यात पहिला गोलही नेव्हिलनेच केला. शेवटी १-४ ने हरलो आणि स्पर्धेत चौथे आलो. पण चार वर्षांत दहा गोलांवरून "आधी आपण पुढे होतो" इथपर्यंत येणं याला प्रगती म्हणतात.

आणि १९६२ चं जकार्ता. एशियाडचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. हा जर्नेल म्हणजे आशियातला नावाजलेला बचावपटू. डोक्यावर पट्टी बांधलेला, बॉल डोक्याने मारायची भीती. कुठलाही कोच काय करेल? विश्रांती देईल, नाहीतर मागे जपून खेळवील. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केला! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात, लाखभर प्रेक्षक आपल्याविरुद्ध ओरडत असताना, पी. के. बॅनर्जींनी एक आणि जर्नेलने एक असे दोन गोल मारून त्याच कोरियाला २-१ ने हरवलं. मास्तर तेव्हा कर्करोगाने पोखरले होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले. त्यानंतर एशियाडचं सोनं आपल्याला पुन्हा दिसलेलं नाही.

म्हणून "माल नाही" हे मला पटत नाही. माल घडवायचा असतो. ज्याच्या हातात पट्टी बांधलेला बचावपटू आहे तो त्याचा फॉरवर्ड करतो, आणि ज्याच्या हातात ब्रँडन आहे तो त्याच्या डोक्यावरून बॉल उडवायला सांगतो. फरक मालात नाही, कारागिरात आहे.

आता कुणी असा अर्थ काढू नये की मी बचावाच्या विरोधात आहे. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर दिला, त्या गोव्याचा माणूस बचावाला नावं ठेवील कसा? १९८४ साली गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली ती एकही गोल न खाता. पण तो संघ जिंकायला उतरला होता, आणि मागे ब्रह्मानंद आहे म्हणून पुढचे निर्धास्त होते. बचाव हा घराचा दरवाजा. तो भक्कम हवाच. पण दरवाजा भक्कम आहे म्हणून आयुष्यभर घरातच बसून राहणाऱ्याला शूर कोण म्हणेल?

पुढे खेळून जिंकता येतं हे सांगायला गोव्याला ब्राझीलचे दाखले लागत नाहीत. आर्मांदो कुलासोंच्या धेंपोने राष्ट्रीय साखळी पाचदा जिंकली: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. मधल्या फळीत बेतो, क्लायमॅक्स, क्लिफर्ड; बॉल जमिनीवर, पायापायांतून. बेतो परदेशी होता हे खरं, पण त्याच्या बाजूला आपली पोरं मधोमध खेळत होती, त्याच्याबरोबर विचार करायला शिकत होती. आणि त्यातूनच काय निघालं ते बघा. जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोव्याने लोबेरांना काढलं तेव्हा साखळीचे तीन सामने बाकी होते. तात्पुरती जबाबदारी आली क्लिफर्ड मिरांडावर. आपला माणूस, पहिलीच वेळ, हातात पक्की नोकरीही नाही. घाबरून खेळायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. आणि त्या तीन सामन्यांत गोव्याने गोल किती मारले? हैदराबादला चार, मुंबईला पाच, जमशेदपूरला पाच. चौदा! साखळीची पहिली शील्ड गोव्याला मिळाली. याच क्लिफर्डने २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. मग भारतीय कोच धाडस करू शकत नाही, असं कोण म्हणतं?

आणि तरीही रोग वरून खाली झिरपतो आहे, ही खरी काळजीची गोष्ट. कधी शनिवारी शाळांच्या सामन्यांना जाऊन उभे राहा. बारा वर्षांचं पोर मध्ये बॉल घेतं, मान वर करतं, बघतं... आणि काठावरून ओरडा सुरू होतो: "उडव रे! उडव! खेळत काय बसलास!" ओरडतात कोण? मास्तर. आणि मास्तरांपेक्षा मोठ्याने पोरांचे बाप. पोर बॉल उडवतं. टाळ्या! पुढच्या वेळी ते मान वर करतच नाही. असा एक-एक सूत्रधार आपण बाराव्या वर्षी मारतो आणि मग पंचविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात शोधत बसतो. जुलै २०२३ मध्ये फिफाच्या यादीत आपण नव्याण्णवाव्या क्रमांकावर होतो. २०२५ संपताना एकशे चाळीसच्याही खाली. ही घसरण त्या काठावरून सुरू होते.

हैदराबादचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. ज्या गावाच्या पोलीस संघाने रहीमसाहेबांच्या हाताखाली १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप उचलला, त्या गावाचा आयएसएल क्लबसुद्धा २०२५ मध्ये दिल्लीला निघून गेला. विद्यानगरच्या गल्ल्यांत संध्याकाळी पोरं असतात, पण हातात बॅट असते. फुटबॉलचं गाव मरतं म्हणजे काय ते इथे दिसतं. ते एका दिवसात मरत नाही. आधी खेळातली गंमत जाते, मग बघणारे जातात, मग खेळणारे, आणि सगळ्यात शेवटी क्लब. आणि गंमत कशाने जाते? घाबरट खेळाने! ०-० बघायला तिकीट काढून कुणी किती दिवस येईल? फातोर्ड्याच्या खुर्च्या आजही भरतात, ही आपली पूर्वजांची पुण्याई. ती पुरवून खायला हवी.

तेव्हा मागणं काय? फार नाही. राष्ट्रीय कोच कुणीही असो, परदेशी असो वा आपला, त्याचं मूल्यमापन नुसत्या निकालावर करू नका. दोन वर्षांत त्याने मधोमध खेळणारे आणि गोल मारणारे किती भारतीय उभे केले, हा प्रश्न करारातच लिहा. धाडस करून तो चार सामने हरला तर त्याला हात लावू नका. घाबरून चार सामने बरोबरीत सोडवले तर मात्र जाब विचारा. गोव्याच्या आपल्या साखळीत तरी क्लबांनी दहा नंबरची जर्सी गोव्याच्याच पोराला द्यावी, परदेशी हवा तर मागे बचावाला आणावा. शाळांच्या सामन्यांत काठावरून ओरडणाऱ्या बापांना मैदानाबाहेर चहा प्यायला पाठवावं. आणि कोचने पोराला एवढंच सांगावं की मान वर कर, बघ, आणि तुला दिसतं ते खेळ. चुकलास तर दोष माझा.

हे शेवटचं वाक्य म्हणायला छाती लागते. काचीगुड्याच्या एका शाळामास्तरांकडे ती होती, म्हणून त्यांनी बचावपटूला पट्टीसकट पुढे पाठवला. लाखांनी पगार घेणाऱ्यांकडून आम्ही त्याच्या निम्मी मागतो आहोत.

हरायचंच असेल तर बॉल पायात ठेवून हरा, बाबांनो. फातोर्ड्यावर आम्ही तुमच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवू. उडवलेल्या बॉलसाठी मात्र नाही.